बाटल्याच धुवायला लागल्या तर?

प्रश्न

ताई, शाळा संपून वर्ष झालं. विज्ञान घेतलं होतं, पण गुण बेताचे पडले आणि पदवीच्या प्रवेशयादीत नाव लागलं नाही. आता अन्नविज्ञानाचा दोन वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम करून फूड टेक्निशियन व्हावं असं मनात आहे. घरच्यांना ते पटत नाही. ‘पैसे भरून स्वयंपाक शिकायचा का?’ असं विचारतात. माझी मामेबहीण खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत आहे. ती म्हणाली, पहिलं वर्ष नुसत्या बाटल्या धुण्यात गेलं. त्यात मला रसायनशास्त्राची धास्ती. शाळेत प्रॅक्टिकलला हात थरथरायचे. तीन संस्था बघून ठेवल्यात, पण माहितीपुस्तकं तिघांचीही सारखीच गुळगुळीत. अर्जाची मुदत महिनाअखेरीस संपते. दोन वर्षं घालवून शेवटी बाटल्याच धुवायला लागल्या तर? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. हो, बाटल्या धुवाव्या लागतील. मीही धुतल्या, आणि सत्तावीस वर्षं या कामात काढल्यावर आजही नवीन मुलगी प्रयोगशाळेत आली की तिला मी आधी सिंकपाशीच नेते. का नेते, ते सांगते.

फ्लास्क धुऊन झाला की तो उलटा धरून काचेकडे बघायचं. काच खरोखर स्वच्छ असेल तर पाणी आतून सलग, पातळ पडद्यासारखं उतरतं. कुठे ते थेंब थेंब होऊन चिकटून राहिलं, तर तिथे तेलकट अंश शिल्लक आहे. मग पुन्हा घास, नळाच्या पाण्यानं तीनदा खळबळ, शुद्ध पाण्यानं तीनदा खळबळ. आता यातली एक खळबळ घाईत राहिली असं समज. साबणाचा अंश आत राहतो. तो अल्कधर्मी असतो, त्यामुळे आम्लता मोजायला गेलीस तर ती कमी भरते. त्याच बाटलीत जंतू मोजायचा नमुना घेतलास तर साबण त्यातले काही जंतू मारून टाकतो. दोन दिवसांनी जंतू वाढवायची प्लेट काढून बघतेस तर ती जवळजवळ कोरी. कागदावर लिहिलं जातं ‘नमुना उत्तम’ आणि खराब माल गेटबाहेर पडतो. धुण्यातली एवढीशी कसूर थेट कुणाच्या तरी ताटापर्यंत जाते. तुझ्या मामेबहिणीला हे कुणी समजावून न सांगता वर्षभर सिंकपाशी उभं केलं असेल, तर तिची तक्रार रास्त आहे. कामात खोट नव्हती, शिकवण्यात होती.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येऊ. स्वयंपाकी चव घेतो, वास घेतो आणि समोरच्या पातेल्यापुरता निर्णय करतो. ते कौशल्य मोठंच आहे. टेक्निशियनला मात्र अशा पाकिटाची हमी द्यायची असते, जे ती कधी उघडणार नाही आणि जे खाणाऱ्याला ती कधी भेटणार नाही. दुधाचंच बघ. पाश्चरीकरणासाठी दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं किंवा ७२ अंशांना १५ सेकंद ठेवतात. १५ सेकंद ही काही अंदाजानं मोजायची वेळ नव्हे. तापलेलं दूध एका ठरावीक लांबीच्या नळीतून ठरावीक वेगानं जातं, तेव्हा ते १५ सेकंद भरतात. नळीच्या टोकाला तापमान कमी पडलं तर झडप आपोआप वळते आणि दूध मागे पाठवते. ती झडप खरंच वळते की नाही हे तपासणारी माणसं टेक्निशियन असतात. त्यानंतर त्या दुधात फॉस्फटेज नावाचं विकर (एन्झाइम) उरलंय का, तेही बघतात. कच्च्या दुधात ते असतंच, आणि योग्य पाश्चरीकरणात नष्ट होतं. ते सापडलं, तर एक तर दूध नीट तापलं नाही किंवा तापलेल्यात कच्चं मिसळलं. डोळ्यांना, जिभेला, नाकाला यातलं काहीही कळत नाही. घरच्यांना हे असंच सांगून बघ. भांडायची गरज पडणार नाही.

आणि यामागे पक्कं विज्ञान आहे. त्याचा गाभा समजायला हुशारीपेक्षा कुतूहल जास्त लागतं. एक उदाहरण देते, मला स्वतःला या विषयात ओढणारं. मधात साधारण सतरा-अठरा टक्के पाणी असतं. धान्यातही तेवढंच पाणी असेल तर कोठारात त्याला बुरशी धरते. मधाला धरत नाही. पाणी तितकंच, मग फरक कशानं? मधातलं पाणी साखरेनं धरून ठेवलेलं असतं, जंतूंच्या हाती ते लागत नाही. जंतूंना वापरता येईल अशा पाण्याच्या मापाला जलक्रियता म्हणतात. ती शून्य ते एक या पट्टीवर मोजतात. मधाची ०.६ च्या आसपास असते. विषबाधा करणारे बहुतेक जीवाणू ०.८५ च्या खाली वाढू शकत नाहीत. दुसरा आकडा आहे आंबटपणाच्या मापाचा, पीएच ४.६. तो जितका कमी, तितका पदार्थ आंबट. ४.६ हून आंबट पदार्थात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जीवाणूचे बीजाणू अंकुरत नाहीत. तिसरी आहे तापमानाची पट्टी, ५ ते ६० अंशांची. तिच्यात पदार्थ रेंगाळला की जंतूंची चंगळ. जॅम साध्या कपाटात का टिकतो, हवाबंद डब्यातल्या मक्याला इतकं कडक तापवावं का लागतं आणि दुधाला फ्रिज का लागतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या तीन मापांत आहेत. अभ्यासक्रमाच्या पहिल्या सहा महिन्यांत हे तीन आकडे हाडीमाशी भिनले, तर पुढचं पुष्कळ सोपं होतं.

व्यावसायिक शिक्षण म्हणजे कमी दर्जाचं, हा सल तुझ्या पत्रात ओळीओळीतून जाणवला. म्हणून निकोला अपेर यांच्याबद्दल सांगते. हे फ्रान्समधले मिठाई बनवणारे कारागीर, पदवी वगैरे काही नाही. काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून त्या उकळत्या पाण्यात ठेवल्या तर अन्न महिनोन्महिने टिकतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं हातानं प्रयोग करून शोधलं. १८१० मध्ये फ्रेंच सरकारनं त्यांना १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. ते अन्न का टिकत होतं, हे पाश्चर यांच्या कामातून कळायला पुढे अर्धं शतक जावं लागलं. हात आधी पोहोचले, पुस्तक मागून आलं. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही लक्षात ठेव. उकळतं पाणी १०० अंशांवर थांबतं, आणि बोट्युलिझमचे बीजाणू त्या तापमानाला तग धरतात. कमी आंबट पदार्थांच्या डब्यांना १२१ अंश लागतात, तेही डब्याच्या मध्यभागी, सुमारे ३ मिनिटं. हे ३ कुठून आले, तर १२१ अंशांना या बीजाणूंतले दर शंभरातले नव्वद मरायला साधारण ०.२१ मिनिट लागतं. अशा बारा पायऱ्या उतरायच्या, म्हणजे अडीच मिनिटं, आणि वर थोडी सुरक्षितता. नुसती हातोटी असलेला माणूस इथे फसतो. म्हणून तुला हात आणि हिशेब दोन्ही शिकवणारी जागा हवी, आणि चांगला व्यावसायिक अभ्यासक्रम नेमकं तेच करतो.

हिशेब म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा आला असेल. रोजच्या कामातला एक हिशेब करून दाखवते. फिकट रंगाच्या फळरसाची आम्लता काढायची आहे. १० मिली रस फ्लास्कमध्ये, त्यात आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा आणि तोटी असलेल्या काचेच्या नळीत, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. डाव्या हातानं तोटी फिरवायची, उजव्या हातानं फ्लास्क गोल गोल हलवत राहायचं. सुरुवातीला गुलाबी छटा येते आणि लगेच विरते. ती विरायला वेळ लागायला लागला की शेवट जवळ आला. तिथून एकेक थेंब. मग अर्धा थेंब. तो तोटीच्या टोकाला लोंबकळत ठेवायचा, फ्लास्कच्या काचेला अलगद टेकवायचा आणि शुद्ध पाण्याच्या फवाऱ्यानं आत ढकलायचा. फिकी गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली, की थांब. गडद गुलाबी झालं तर हातून पुढे गेलं, पुन्हा नव्यानं. समज, १२.५ मिली लागले. सायट्रिक आम्लासाठी दर मिलीला ०.००६४ ग्रॅम. गुणाकार केलास की ०.०८ ग्रॅम, तेही १० मिलीत. म्हणजे १०० मिलीत ०.८ ग्रॅम. झाला हिशेब. साधा गुणाकार आणि दशांश चिन्ह जागेवर ठेवण्याची काळजी, बस.

जंतूंचं गणितही याच पातळीचं आहे. नमुना हजारपट पातळ केला, त्यातला १ मिली प्लेटवर घातला, दोन दिवसांनी ८४ वसाहती, म्हणजे वाढलेल्या जंतूंचे ठिपके, मोजल्या. मूळ नमुन्यात दर मिलीला ८४,०००. लॉगॅरिथम येतात, पण ते या मोठ्या आकड्यांना आवरून लिहिण्यापुरतेच. शाळेतल्या रसायनशास्त्रात तुला बहुधा समीकरणांनी घाबरवलं. इथे समीकरणाच्या जागी समोर रसाचा ग्लास असतो, आणि तो पाहिला की डोक्यात प्रकाश पडतो. निदान माझ्या डोक्यात तरी तसाच पडला.

हात थरथरण्याचं म्हणशील तर कोपर टेबलाला टेकव, श्वास सोडताना तोटी फिरव. अशी थेंबाथेंबाची मोजणी म्हणजे टायट्रेशन. पन्नास टायट्रेशनं होईपर्यंत थरथर राहते, पुढे तिची आठवणही होत नाही. उलट ज्या मुलांचे हात पहिल्या दिवसापासून बिनधास्त चालतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते. आम्ल पाण्यात हळूहळू घालायचं असतं, पाणी आम्लात कधीच नाही. हा नियम विसरतात ते बहुतेक हेच बिनधास्त हात.

गणितापेक्षा अवघड आहे तो वेगळाच प्रश्न. ही चाचणी नेमकं काय मोजते? १८८३ मध्ये कोपनहेगनमधल्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजायची पद्धत काढली. तिला आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. पदार्थातलं प्रथिन किती, हे आपण त्या नायट्रोजनवरून काढतो. साधारणपणे ६.२५ नं गुणतो, दुधासाठी ६.३८ नं. म्हणजे आपण प्रथिन मोजलेलंच नसतं, नायट्रोजन मोजलेला असतो. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन नावाचं रसायन मिसळलं गेलं, कारण त्यात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. चाचणीत प्रथिनाचा आकडा व्यवस्थित येत होता. जवळजवळ ३ लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. ज्यांनी मिसळलं ते गुन्हेगार. पण आकडा बरोबर आला म्हणून पुढे पाहायचं थांबलेले लोक त्या साखळीत किती असतील, हा विचार मला आजही सोडत नाही. वर्गात शिक्षक पद्धत सांगतील तेव्हा हात वर करून विचारायचं, ‘सर, ही पद्धत कशानं फसू शकते?’ चांगल्या शिक्षकाला हा प्रश्न आवडतो.

आता मी स्वतः केलेली एक चूक सांगते. कारखान्याचं नाव सांगण्याचं कारण नाही, चूक माझी होती. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी. खायला तयार पदार्थांच्या कोल्डरूमचं तापमान दर तासाला बघून वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्या रात्री प्रयोगशाळेत नमुन्यांची गर्दी होती आणि तीनची नोंद राहून गेली. चारला गेले तर काटा ४ अंशांवर. दोनला ४ होता, चारला ४ आहे, तीनलाही ४ च असणार, असं धरून मी तीनच्या चौकटीत ४ लिहिलं आणि सही केली. सकाळी आमच्या मॅडमनी स्वयंचलित नोंदयंत्राचा कागद आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवली. कागदावर तीनच्या सुमाराला रेषा ९ अंशांपर्यंत चढून चाळीस मिनिटांनी खाली आली होती. माल हलवताना कुणाकडून तरी दार अर्धवट राहिलं होतं. लिस्टेरियासारखा जंतू फ्रिजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढत राहतो. ९ अंशांना त्याला आणखी मोकळीक. माल रोखला, तपासला, शेवटी टाकून दिला. कुणी आजारी पडलं नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘चौकट रिकामी ठेवली असतीस तर मी पाच वाजताच हा कागद बघितला असता.’ मला ते वाक्य जन्माचं पुरलं. राहिलेली नोंद ही चूक असते, ती कुणीतरी सावरू शकतं. मनानं भरलेली नोंद सगळ्यांना आंधळं करते. आजतागायत मी ‘नोंद घेतली नाही’ असे शब्द लिहायला लाजलेले नाही. तुझ्या वहीत खाडाखोड दिसली तरी चालेल, पण ती एका आडव्या रेघेनं, खालचा आकडा वाचता येईल अशी, बाजूला सही आणि तारीख घालून. व्हाइटनर या धंद्यात चालत नाही.

या क्षेत्रात टिकतील ती माणसं कोण, हे मी आता यावरूनच ओळखते. हुशार मुलं पुष्कळ येतात. आकडा जसा आला तसा लिहिणारी, आणि तो नकोसा असला तरी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवणारी कमी येतात. ‘आणखी एकदा करून बघ, जरा खाली येतोय का’ असं कुणीतरी तुला कधी ना कधी म्हणणारच, कारण ट्रक भरून उभा असतो. पुन्हा चाचणी करायला हरकत नाही, पण पहिला आकडा वहीतच राहिला पाहिजे. हे कुठल्याही माहितीपुस्तकात लिहिलेलं नसतं.

तर तीन संस्थांतली कोणती? माहितीपुस्तकं मिटव आणि तिन्ही ठिकाणी जाऊन ये, तेही प्रॅक्टिकल चालू असताना. पीएच मीटरपाशी जा. इलेक्ट्रोडचं टोक साठवणीच्या द्रावणात बुडवलेलं आहे की हवेत कोरडं पडलंय? कोरडं असेल तर तो मीटर शोभेचा. शेजारी मीटर जुळवून घ्यायच्या, ४, ७ आणि १० पीएचच्या बफर द्रावणांच्या बाटल्या असतील, त्यांवरची तारीख वाच. तराजूवर कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासल्याची, चिठ्ठी आहे का बघ. इन्क्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायचं उबदार कपाट, उघडून दाखवायची विनंती कर. आतल्या प्लेटांवर मुलांची आद्याक्षरं आणि याच आठवड्याची तारीख असेल तर तिथे काम चालतं. प्रात्यक्षिक कारखान्यातल्या यंत्रांवर धूळ असेल तर परत ये. फरशी ओली असेल आणि कुणीतरी रबरी बूट घालून नळी धुत असेल, तर थांब आणि बघत राहा.

मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठ आणि तिची प्रयोगवही मागून बघ. सगळ्यांच्या वहीत एकच उत्तर, एकाच अक्षराच्या वळणाचं, एकही खाडाखोड नाही, असं असेल तर तिथे प्रयोग शिक्षक करतात आणि मुलं उतरवून घेतात. तिला विचार, ‘तू स्वतः, एकटीनं, किती टायट्रेशनं केलीस?’ आकडा सांगायला ती अडखळली तर तेच उत्तर. एका टेबलाशी आठ-आठ जणी उभ्या असतील तर त्यातल्या दोघीच शिकतात. प्रात्यक्षिक परीक्षा एकटीची असते की गटाची, हेही विचार. माझ्या मते इमारत, निकालाची टक्केवारी आणि भिंतीवरचे फोटो या सगळ्यांपेक्षा ही वही जास्त खरं बोलते.

आणखी दोन गोष्टी कार्यालयात विचारून घे. शिकाऊ उमेदवारी कुठे आणि किती महिन्यांची? ‘कंपनीला भेट’ आणि ‘कंपनीत काम’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. भेटीत काच लावलेल्या गॅलरीतून बघतात. उमेदवारीत पहाटेच्या पाळीला स्वॅब घेऊन पट्ट्यावर उभं राहतात. तुला किमान चार-सहा महिने उभं राहायला मिळालं पाहिजे. दुसरं, हॅसेप कसं शिकवतात? ही अन्नसुरक्षेची पद्धत १९६० च्या आसपास अमेरिकेत अंतराळवीरांच्या अन्नासाठी जन्माला आली. पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराची प्रयोगशाळा या तिघांच्या कामातून. तयार माल तपासून खात्री करायची म्हटलं तर बराचसा माल तपासणीतच संपायचा. तेव्हा त्यांनी उलट बाजूनं विचार केला. धोका कुठल्या टप्प्यावर शिरतो ते आधी शोधायचं आणि तिथेच पहारा ठेवायचा. आज जगभरच्या अन्नकारखान्यांची भाषा हीच आहे. तिची सात तत्त्वं पाठ करून घेणारी संस्था आणि एखाद्या पदार्थाचा आराखडा तुझ्याकडून सुरुवातीपासून करून घेणारी संस्था यांत दुसरीच निवड.

पदवीची दारं बंद होतात का? नाही. पुष्कळ ठिकाणी पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, पण तो तुझ्या संस्थेच्या प्रमाणपत्राला मिळतो का, हे लेखी विचारून घे. तोंडी ‘हो हो, मिळतो’ यावर जाऊ नकोस. पदविकेवर नोकरी धरून मग पदवी केलेले माझे कितीतरी सहकारी आहेत, आणि वर्गात त्यांचे प्रश्न सगळ्यांत धारदार असायचे.

कामाबद्दलही खरं ते आधीच सांगते. पाळ्या असतात, रात्रीच्या सुद्धा. दिवसभर उभं राहणं, कोल्डरूममधून भट्टीच्या बाजूला आणि परत. केसांवर जाळी, नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, अंगठी नाही, घड्याळ नाही. बोट कापलं तर निळी पट्टी लावायची. निळी अशासाठी, की निळ्या रंगाचा खाद्यपदार्थ सहसा नसतो, त्यामुळे ती पडली तर चटकन दिसते. तिच्यात धातूचा पातळ पत्राही असतो, म्हणजे डोळ्यांतून सुटली तरी धातुशोधक यंत्र पकडतं. ताप किंवा जुलाब असतील तर लपवायचं नाही, घरी राहायचं. तुला शांत खुर्ची आणि ठरलेली वेळ हवी असेल तर हे काम जड जाईल, आणि तसं असेल तर आत्ताच मागे फिरणं उत्तम. त्यात कमीपणा नाही. पण टेक्निशियनची सगळी कामं एकाच साच्यातली नसतात. कुणी गुणवत्ता तपासणीत राहतं, कुणी उत्पादनात जातं, कुणी नवीन पदार्थांच्या चाचण्या घेतं, कुणी स्वतंत्र तपासणी प्रयोगशाळेत. चवीची पारख ज्यांना जमते त्यांच्यासाठी चवचाचणीचं वेगळंच दालन आहे. तीन कप समोर ठेवतात, दोन सारखे, एक वेगळा, तो ओळखायचा. नुसत्या नशिबानंही तिनात एकदा बरोबर येतं, म्हणून किती जणांनी ओळखलं यावरून निष्कर्ष काढतात. उमेदवारीत यातलं जितकं पाहायला मिळेल तितकं बघून घे.

मुदतीला अजून दिवस आहेत, तर अर्ज भरण्याआधी एक काम कर. साधा थर्मामीटर घे. बर्फाचा चुरा पेल्यात गच्च भर, त्यात अगदी थोडं पाणी ओत, ढवळ, थर्मामीटर मध्यभागी धरून दोन-तीन मिनिटं थांब. शून्य दाखवतो का? एक अंश जास्त दाखवत असेल तर तेवढी चूक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. मग थर्मामीटर घरच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या पेल्यात ठेव आणि रोज सकाळी, दुपारी, रात्री ठरलेल्या वेळी आकडा बघून पेनानं लिही. तारीख, वेळ, आकडा, सही. दार कुणी उघडं ठेवलं होतं, वीज गेली होती, हे शेजारी एका ओळीत. राहिलं तर ‘नोंद घेतली नाही’. दहा दिवस. प्रयोगशाळेत करतात तसे जंतू वाढवायचे उद्योग मात्र घरी करू नकोस. त्यासाठी बंदिस्त जागा आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारणारं यंत्र, लागतो.

दहा दिवसांनी ती वही घेऊन बस. दुपारचा आकडा सकाळपेक्षा का चढतो, हे शोधावंसं वाटलं तर अर्ज भर. कंटाळा आला, किंवा सातव्या दिवशी तीन नोंदी एकदम भरून टाकाव्याशा वाटल्या, तर मला तसंच लिहून कळव. आपण दुसऱ्या वाटांबद्दल बोलू. आणि संस्था बघायला जाताना मामेबहिणीला सोबत घेऊन जा. इन्क्युबेटरमध्ये काय बघायचं ते तिला आता चांगलं कळत असेल.